रंगांची वही: कोकणात राहून रंग शिकायचे तर नक्की काय करायचं

मावशीने मालवणजवळ होमस्टे काढला तेव्हा खोल्यांचे रंग ठरवायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात चित्रकार म्हणजे मीच, आणि मी तेव्हा नुकतीच कलर सायकॉलॉजीचे व्हिडिओ बघून फुल चार्ज झालेली होते. निळा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे ताजेपणा, पिवळा म्हणजे आनंद, लाल म्हणजे राग नाहीतर भूक, असा एक तक्ता मोबाईलमधे सेव्ह करून ठेवला होता. मागच्या खोलीला मस्त फिकट निळा दिला. मे महिन्यात काय सुंदर दिसली ती खोली! जुलैमधे मावशीचा फोन, "गे बाय, त्या खोलयेत कोण रवाक तयार नाय, हॉस्पिटलासारख्या वाटता."

जाऊन बघितलं तर खरंच. खिडकी उत्तरेला, मागे फणस आणि सुपारीची बाग, त्यामुळे आत येणारा उजेड पानांतून गाळून हिरवट होऊन येणारा, वर आठ दिवस सूर्य नाही, आणि भरीला मावशीने स्वस्तात मिळाली म्हणून पांढरीफटक ट्यूब लावलेली. निळ्याला त्या खोलीत शांती कसली सुचणार, तो बिचारा तापातून उठल्यासारखा दिसत होता. तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. तक्ता डिलीट केला आणि एक वही घातली. त्याला आता चार पावसाळे झाले. रंगाचा आपल्यावर काय परिणाम होतो हे मला जे काही थोडंफार कळलंय ते त्या वहीतून, म्हणून ती कशी ठेवायची ते सांगते. चित्रकार असलंच पाहिजे असं नाही, घर रंगवायचंय, दुकानाची पाटी करायचीय, साड्या विकायच्यात, कोणालाही चालेल.

सामान

जाड कागदाची वही. रंग पोस्टर किंवा वॉटरकलर, पण डझनाचा बॉक्स नको, सुट्या सात ट्यूब घ्या: दोन लाल (एक शेंदरीकडे झुकणारा, एक गुलाबीकडे), दोन पिवळे (एक लिंबासारखा, एक पिकल्या आंब्यासारखा), दोन निळे (एक जांभळ्याकडे जाणारा, एक हिरव्याकडे), आणि पांढरा. एवढ्यात जवळपास सगळं बनतं. काळा मुद्दाम घेऊ नका, काळा हाताशी असला की सगळ्या सावल्या त्यातच उरकल्या जातात आणि सावलीत खरा रंग कुठला होता ते बघायचंच राहतं.

आणि एक भोकाचं कार्ड. जुनी लग्नपत्रिका घ्या (कोकणात त्यांना तोटा नाही), एका बाजूने मध्यम करडा रंग फासा, आणि त्याला करंगळीच्या नखाएवढी दोन भोकं पाडा, एकमेकांपासून दोन बोटं लांब. करडाच का, तर पांढऱ्या कार्डाने डोळा दिपतो आणि भोकातला रंग आहे त्याहून गडद वाटतो.

भोकातून बघा

आता अंगणात नाहीतर किनाऱ्यावर जा, एक डोळा मिटा, कार्ड हातभर लांब धरा आणि भोकातून एकेक जागा बघा. आंब्याच्या सावलीत वाळत घातलेला पांढरा शर्ट भोकातून बघितलात तर तो पांढरा नसतोच, निळसर हिरवट करडा असतो. पडवीचं छत बघा. आमच्याकडे छताला चुना आहे, पण सकाळी दहाला ऊन लाल मातीच्या अंगणात पडलं की छताला गुलाबी झाक येते, जांभ्याच्या मातीत लोहाचं गंजासारखं ऑक्साईड भरपूर असतं तोच रंग उजेडाबरोबर उडून वर जातो, आणि दिवाळीआधी अंगण शेणाने सारवलं की छत परत शेवाळी होतं. तीस वर्षं त्या पडवीत चहा पितेय, मला कधी दिसलं नव्हतं.

न दिसण्याचं कारण म्हणजे आपला मेंदू. उजेड कसा आहे त्याचा तो स्वतःच अंदाज बांधतो आणि ती झाक वजा करून आपल्याला सांगतो की शर्ट पांढराच आहे. २०१५ साली त्या ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली आठवतंय ना, कोणाला निळा-काळा दिसत होता कोणाला पांढरा-सोनेरी? ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. फोटोतला उजेड कसला आहे हे कळायला मार्ग नव्हता, मग ज्याच्या मेंदूने सावली धरली त्याला पांढरा दिसला आणि ज्याच्या मेंदूने पिवळा दिवा धरला त्याला निळा. म्हणजे एकाच घरात एकाच फोनवर दोन माणसं दोन रंग बघत होती आणि दोघंही खोटं बोलत नव्हती. "हा रंग माणसाला असं वाटायला लावतो" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मला पहिला तो ड्रेस आठवतो.

भोकात जो रंग दिसला तो वहीत मिसळून लावा, आणि पान दुसऱ्या भोकामागे धरून जुळतोय का बघा. पहिल्या दिवशी नाही जुळणार, चिडचिड होईल. समुद्रापासून सुरुवात करू नका असं मी सांगेन, सगळे तेच करतात, आणि तो दर दोन मिनिटांनी बदलतो. त्यापेक्षा चिरेबंदी गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचा, एक चिरा निवडा, तो कुठे जात नाही.

एकच जागा, तीन वेळा

एक जागा ठरवा आणि तीच सकाळी सातला, दुपारी एकला आणि तिन्हीसांजेला बघा. यातलं दिवेलागणीचं बघणं चुकवू नका, बाकीची दोन चुकली तरी चालतील. जास्वंदीच्या झुडपासमोर उभं राहा, सूर्य बुडल्यावर वीस-पंचवीस मिनिटं, दिवा न लावता. आधी लाल फूल पानांपेक्षा उजळ असतं. मग हळूहळू ते काळपट होत जातं आणि पानं मात्र उजळ राहतात, शेवटी शेवटी तर झुडपात फुलांच्या जागी भोकं पडल्यासारखी दिसतात. हे १८२५ च्या सुमाराला पुर्किंये नावाच्या एका चेक शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय, त्याच्याच नावाने ओळखतात. डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, रंग ओळखणाऱ्या साधारण साठ लाख आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या साधारण बारा कोटी. अंधार पडायला लागला की दुसऱ्या पेशी कामाला लागतात, आणि त्यांना निळसर हिरवा चांगला कळतो पण लाल जवळजवळ कळतच नाही.

याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध म्हणाल, तर आमच्या गावच्या वळणावर एका खानावळीची पाटी होती, गडद हिरव्यावर लाल अक्षरं. दुपारी ठसठशीत. संध्याकाळी सहा-सात वाजता, म्हणजे नेमकं गोव्याहून परत फिरणारी गिऱ्हाइकं भुकेजून येतात तेव्हा, ती अक्षरं गायब. मालक म्हणायचा पाटीला दृष्ट लागली. मी ती पिवळ्यावर काळी करून दिली, तशी त्याने पाटीखाली एक लिंबू-मिरची पण बांधली, त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं ते अजून ठरलेलं नाही.

शेजार

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि तो मी शिकले गणपतीच्या शाळेत. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. तिथे श्रावणात हाताला माणूस कमी पडतो म्हणून मी रंगकामाला जाते. एका वर्षी एका मूर्तीचं अंग मला फारच पिवळं वाटत होतं, मी परत परत गुलाबी घालत होते, मिळेना. काका, म्हणजे शाळा ज्यांची ते, मागून येऊन बघून म्हणाले, "रंग कित्याक बदलतंस, शेजार बदल." मी मागच्या लोडाला जांभळा दिला होता. त्यांनी त्याच्यावर डाळिंबी ओढला आणि अंगाचा रंग आपोआप जागेवर आला. अंगावर एक थेंब पण नवा पडला नव्हता.

हीच गोष्ट पॅरिसमधल्या गोबलाँ गालिचे कारखान्यात शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आली होती. तो तिथे रंगकामाचा प्रमुख होता, तक्रार अशी आली की काळा धागा फिका पडतोय, रंग नीट बसत नाही. त्याने तपासलं तर काळ्यात काही दोष नव्हता, तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तसा दिसत होता. १८३९ मधे त्याने यावर जाडजूड पुस्तक काढलं, आणि पुढे चित्रकारांनी ते डोक्यावर घेतलं. गृहस्थ १०२ वर्षं जगला, बहुतेक रंगाच्या वासाने.

वहीत हे असं करा. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापा, अगदी सारखे, एक चौकोन शेंदरी पानाच्या मधोमध चिकटवा आणि दुसरा निळ्या पानाच्या. पहिला निळसर दिसेल, दुसरा किंचित तांबूस. माहीत असूनही दिसेल, हीच गंमत आहे. मग दुसरा प्रयोग, कुंकवासारखा लाल ठिपका तीस सेकंद एकटक बघा आणि नजर कोऱ्या पानावर न्या. तिथे निळसर हिरवा ठिपका तरंगेल. ऑपरेशनमधले डॉक्टर पूर्वी पांढरे कपडे घालायचे, विसाव्या शतकात हिरवे-निळे आले त्याचं एक कारण हेच सांगतात, रक्ताकडे बघून नजर वर केली की पांढऱ्यावर हे हिरवे डाग नाचायचे.

एवढं झालं की बाजारात जा. आठवड्याच्या बाजारात टोमॅटोवाल्याच्या डोक्यावर लाल ताडपत्री का असते ते बघा, खालून एक टोमॅटो उचला, बाहेर उन्हात आणा आणि परत आत न्या. संत्र्यांच्या पिशवीची जाळी नारिंगी का, कांद्याची लाल का. इथे मात्र शेजार उलटा चालतो हे लक्षात ठेवा: मोठा सपाट रंग शेजारी असला तर तो आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो, पण बारीक रेघा वरून गेल्या की खालचा रंग त्या रेघांच्याच रंगाकडे सरकतो. साडीच्या बारीक चौकड्यांत पण हेच होतं. म्हणून साडी दुकानात हातावर घेऊन बघितली तर एक वाटते आणि दहा फुटांवरून कोणी नेसलेली बघितली तर दुसरीच.

लोकांना काय विचारायचं

आता मनाकडे येऊ, कारण सायकॉलॉजी म्हणजे शेवटी ती. रंगाच्या पट्ट्या करा, साधारण पत्त्याएवढ्या, पंधरा-वीस, आणि भेटेल त्याला दाखवा. पण "कसं वाटतं?" असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा तक्त्यातलंच उत्तर देतो, निळा म्हणजे शांत वगैरे. "हा रंग कुठे बघितलाय?" असं विचारा. मग बघा काय काय निघतं. फिकट निळ्याला मला मिळालेली उत्तरं: पावसाळ्यात मांगराला (शेतावरच्या गोठ्याला) लावतो ते प्लास्टिक, शाळेचा शर्ट, चुलत्याची होडी, निळीचं पाणी. शांती एकाने पण सांगितली नाही. गडद करड्या-निळ्याची पट्टी मी बंदरावरच्या एका म्हाताऱ्या रापणकराला (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला) दाखवली, त्याने ती पट्टी हातात पण घेतली नाही, म्हणाला "वारो येतलो". शहरातल्या कोणी हाच रंग बेडरूमला "कूल" म्हणून लावला असता.

हिरव्याचं पण तसंच, एकीला हिरवा चुडा आठवला आणि तिच्याच सासूला विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ, पाय मोडला होता तिचा. काळा अशुभ म्हणतात, शुभकार्याला नेसत नाहीत, पण संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालून फोटो काढतात, आणि त्यामागे थंडीत काळा उष्णता धरून ठेवतो हे साधं कारण सांगतात. शिमग्यात नाहीतर दशावतारात काळ्या वेशातला संकासुर बघून घाबरलेलं आणि मग खोखो हसलेलं पोर असेल तर त्याच्या काळ्यात भीती आणि हसू दोन्ही असणार. असं सगळं वहीत रंगाच्या बाजूला लिहा, माणसाचं वय आणि काम पण लिहा. नाव नको.

रंगाला नाव मात्र द्या, आणि ते मराठी द्या. आमसुली, अबोली, मोरपिशी, चिंतामणी, गुलबक्षी, अंजिरी, केतकी, विटकरी, पारवा, पोपटी, शेवाळी, डाळिंबी, आपल्याकडे ही एवढी नावं पडून आहेत आणि आपण म्हणतो "तो पिंक टाईप". नावाने नजर खरंच धारदार होते. रशियन भाषेत फिकट निळा आणि गडद निळा यांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि २००७ मधल्या एका प्रयोगात असं दिसलं की निळ्याच्या दोन छटांमधून ही शब्दांची सीमा जात असेल तर रशियन बोलणारे लोक तो फरक जास्त पटकन ओळखतात, इंग्रजी बोलणाऱ्यांना तसा फायदा मिळत नाही. मी तर स्वतःची पण नावं पाडलीत. "सुक्या सोलांचा", "भरतीनंतरच्या वाळूचा", "लाल परीच्या मडगार्डवरच्या धुळीचा".

सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा बघा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पानं, एकूण एकशेवीस गोल पत्ते, आणि प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे चित्र बारकाईने बघायच्या आधीच हातात काय आलंय ते रंगावरून कळतं. रंगाने ओळख पटवणं हे रंगाने भावना जागवण्यापेक्षा जास्त भरवशाचं काम आहे असं माझं मत झालंय. लाल एसटी लांबून दिसली की जीव भांड्यात पडतो त्यात लाल रंगाचा स्वभाव किती आणि "आली बाबा एकदाची" किती, विचार करा.

सोलकढीचा प्रयोग

हा घरी पाहुणे असताना करा, मजा येते. एकाच पातेल्यातली सोलकढी दोन काचेच्या ग्लासात ओता, एकीत बिटाच्या रसाचे अगदी चार-पाच थेंब टाका, चव बदलणार नाही इतपतच. मग विचारा आंबट कुठली. आमच्याकडे बहुतेकांनी गडद गुलाबी दाखवली, एका काकाने तर "हिच्यात आगळ जास्त पडलाय" (आगळ म्हणजे कोकमाचा रस) असं खात्रीने सांगितलं. मग डोळे बांधून परत प्यायला दिली, कोणाला काही सांगता येईना, काका जरा गप्प झाले. फ्रान्समधे बोर्डोला २००१ साली हेच वाईनवर करून बघितलं होतं, वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमधे बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. २०१२ मधे स्पेनमधल्या प्रयोगात एकच स्ट्रॉबेरी मूस पांढऱ्या ताटलीत काळ्या ताटलीपेक्षा गोड लागला. इथे रंगाचा परिणाम पक्का आहे, आणि तो भावनेपेक्षा अपेक्षेतून येतो, जिभेच्या आधी डोळा जेवून मोकळा झालेला असतो.

म्हणून खानावळवाल्यांनी दिव्याकडे बघा. खोक्यावर ६५०० के (के म्हणजे केल्व्हिन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला एलईडी पांढरा निळसर असतो, त्याच्याखाली बर्फातलं पापलेट चकाचक दिसतं म्हणून मच्छी ठेवायच्या जागी ठीक आहे, पण त्याच उजेडात बांगड्याचं तिखलं मातकट तपकिरी दिसतं. जेवायच्या टेबलावर २७०० ते ३००० के घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) लिहिलेला असतो तो ९० च्या पुढचा मिळाला तर उत्तम, त्या दिव्यात रंग नीट उमटतात. एवढं मावशीने केलं आणि पाहुणे म्हणायला लागले मसाला बदललात का.

पाटी

पाटी रंगवायची असेल तर रंगाचा अर्थ वगैरे शेवटी, आधी वाचता येते का बघा. युक्ती सोपी आहे, पाटीचा फोटो काढा आणि फोनमधे तो काळा-पांढरा करा. अक्षरं जमिनीत विरघळली तर रंग कितीही वेगळे असले तरी ती पाटी लांबून वाचली जाणार नाही. आमच्या काकांच्या पिढीकडे फोन नव्हता, ते डोळे किलकिले करून बघायचे, काम तेच. लालभडक जमिनीवर निळी अक्षरं टाळा, डोळ्याच्या भिंगातून लाल आणि निळा एकाच जागी फोकस होत नाहीत त्यामुळे अक्षरं हलल्यासारखी वाटतात आणि डोकं दुखतं. लाल-हिरवा पण टाळा, संध्याकाळचं वर सांगितलंच, शिवाय काही लोकांना हा फरक कळतच नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे साधारण ८ टक्के निघतात, बायकांत अर्धा टक्का, आणि आपल्याकडे पण प्रत्येक वाडीत एखादा असतोच. कोकणातल्या कितीतरी पोरांना हे कळतं ते बोटीवर नोकरी धरताना मेडिकलमधे, ठिपक्यांतले आकडे वाचता येत नाहीत तेव्हा. ठिपक्यांच्या त्या पट्ट्या इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ मधे काढल्या. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा त्या जहाजाच्या स्वतःच्या डाव्या अंगाला असतो आणि हिरवा उजव्या, तो फरक दिसला नाही तर डेकवर ड्युटी कशी देणार. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच परत आला, आयुष्यभर चिकू आणि पेरू वासावरून ओळखत होता, कोणाला पत्ता नव्हता.

खोली आणि भिंत

शेड कार्डावरचा इवलासा चौकोन बघून कधीच रंग ठरवू नका, भिंतभर झाला की तो दुप्पट भडक वाटतो. दोन बाय दोन फुटाच्या प्लायवर दोन हात मारा, वाळू द्या (ओला रंग वेगळा दिसतो), आणि तो प्लाय खोलीत सगळ्या भिंतींना तीन दिवस टेकवून फिरवा, सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून. आपल्याकडे शक्य असेल तर पावसाळ्यातल्या एका दिवशी पण बघा, कारण वर्षातले चार महिने तोच उजेड असतो. बागेकडची, उत्तरेची खोली असेल तर हिरवट उजेड आधीच आत आहे हे धरून चाला आणि रंगात थोडी ऊब घाला, मोतिया, बदामी, हळदीची पुसट झाक. समुद्राकडची पश्चिमेची खोली असेल तर तिथे निळा, पारवा, करडा बिनधास्त लावा, दुपारनंतरचं ऊन त्याला सांभाळून घेतं. मावशीच्या त्या खोलीला आम्ही शेवटी ताज्या ताकाचा रंग दिला आणि ट्यूब बदलली. निळ्या चादरी ठेवल्या. आता तीच खोली आधी भरते.

बाहेरच्या भिंतीला जुनी माणसं खाली दोन-अडीच फूट गेरूचा पट्टा का मारायची ते पहिल्या पावसात कळतं, पागोळ्यांनी उडालेली लाल माती त्यात लपून जाते. मळखाऊ या शब्दाला मी हल्ली फार मान देते. अख्खं घर पांढरंशुभ्र करायची फॅशन आलीय, फोटोत छान दिसतं, दोन वर्षांनी शेवाळाचे काळे ओघळ मोजत बसा. पांढरा लावायचाच तर चुन्यात चिमूटभर नीळ घालायची जुनी रीत बघा, नीळ चुन्याचा पिवळेपणा मारते म्हणून तो जास्त पांढरा वाटतो, धोतराला घालायचे तसंच.

कशावर विश्वास ठेवायचा नाही

१९७९ मधे अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाले असं जाहीर झालं, मग जिकडेतिकडे गुलाबी कोठड्या. नंतर नीट तुलना करून तपासलं तेव्हा तो परिणाम काही टिकला नाही. पण तक्त्यांमधे गुलाबी अजून "राग शांत करणारा" म्हणूनच बसलाय. नवरात्रातले रोजचे नऊ रंग पण वर्तमानपत्रांनी रुजवले, त्याला प्राचीन वगैरे समजू नका, नेसायला मात्र माझी काही हरकत नाही, मी पण नेसते, ऑफिसातल्या सगळ्या बायका एका रंगात आल्या की मजा येतेच. अमुक रंगाच्या बाटलीतलं पाणी पिऊन अमुक रोग बरा होतो असं कोणी सांगितलं तर तिथून उठा आणि डॉक्टरकडे जा.

वहीचं एक शेवटचं. जून ते सप्टेंबर कागदाला बुरशी धरते आणि पोस्टर कलरची पानं एकमेकांना चिकटतात, माझं पहिल्या वर्षाचं अर्धं काम तसंच गेलं. पानांमधे बटर पेपर घाला, कापराची वडी टाकून प्लास्टिकच्या पिशवीत वही बांधा आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर भाताला कापराचा वास आला की विचारणा होते.